समाधानाची रक्कम, मुदत आणि तजवीज

ज्या नाशिकरोडला 1928 सालापासून देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात, त्याच नाशिकरोडच्या स्थानकावर सकाळी सातच्या सुमारास जाऊन उभे राहिले, म्हणजे मनमाडहून येणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहणारा, जेवणाच्या डब्याची पिशवी खांद्याला अडकवलेला मासिक पासधारकांचा एक मोठा समुदाय दृष्टीस पडतो. 1975 साली सुरू झालेल्या या गाडीने कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई गाठायची, दिवसभराची चाकरी आटोपून सायंकाळी तीच गाडी पुन्हा धरायची आणि रात्री साडेनऊच्या पुढेमागे घराची वाट धरायची, असा क्रम या मंडळींपैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे चालविला आहे. कारण त्यांचे वेतन मुंबईत आहे, आणि घर, आईवडील व मुलांची शाळा नाशकात आहे. दोहोंपैकी एकही सोडवत नाही, म्हणून दिवसाचे जवळजवळ सात तास रेल्वेच्या हवाली करणे त्यांनी पत्करले.

हा मध्यममार्ग सर्वांनाच साधतो असे नाही. हिंजवडीत, नवी मुंबईत किंवा बंगळुरात नोकरी करणाऱ्या पुष्कळ नाशिककर दांपत्यांपुढे केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो, की नाशकात जागा मिळते आहे, पण वेतन तिसऱ्या हिश्शाने कमी आहे. ती घ्यावी की सोडावी? या प्रश्नाला आप्तेष्टांकडून दोन उत्तरे ठरलेली असतात. कमावण्याचे वय आहे तोवर कमावून घ्यावे, हे एक. आणि पैशाने सुख विकत मिळत नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरे ऐकायला शहाणपणाची वाटतात आणि दोन्ही सारखीच निरुपयोगी आहेत, कारण त्यांपैकी एकातही आकडा नाही. मोठ्या वेतनापेक्षा समतोल आयुष्य निवडणे ही गोष्ट निःसंशय स्पृहणीय आहे. परंतु ती वैराग्याची नसून व्यवस्थेची गोष्ट आहे, आणि जो व्यवस्था न करता ती निवडतो त्याच्या वाट्याला समाधानाऐवजी केवळ टंचाई येते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

मराठी मुलखात जाणूनबुजून अल्प वेतन पत्करणाऱ्यांची जी पिढी आदर्श म्हणून सांगितली जाते, तिच्याकडेच या दृष्टीने पाहावे. डेक्कन कॉलेजात एम. ए. चा अभ्यास करीत असताना गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या आईला पत्र लिहून, मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीची आशा माझ्याकडून करू नकोस, असे कळविले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज अशी जी मालिका उभी राहिली, तिच्यात सामील झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन दिले, ते पाळले, आणि 1902 साली दरमहा तीस रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन ते मोकळे झाले. 1899 साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनीही सरकारी शिक्षणखात्याच्या भरघोस वेतनाची वाट सोडून फर्ग्युसनचे तेच वेतन स्वीकारले. या परंपरेचा एक धागा नाशकापर्यंत आलेला आहे. गोखल्यांच्या नावाने प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी 1918 साली स्थापन केलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीनेच 1924 साली नाशकात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले आणि उत्तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या उच्च शिक्षणाची सोय केली.

या कथा आपण शाळेत त्यागाच्या कथा म्हणून ऐकतो आणि तेवढ्यावरच थांबतो. परंतु हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर त्यांत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पंचाहत्तर रुपये ही रक्कम ठरलेली होती. वीस वर्षे ही मुदत ठरलेली होती. आणि तीस रुपयांचे निवृत्तिवेतन ही उत्तरायुष्याची तजवीजही ठरलेली होती. एवढेच नव्हे, तर गोखल्यांना त्यांच्या अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकापासून स्वतंत्र प्राप्तीही होत असे. आणि आजीव सदस्यांनी अशी बाहेरची मिळकत करावी की नाही यावरून संस्थेत जो वाद माजला, तो 1890 साली टिळकांनी राजीनामा देण्याच्या कारणांपैकी एक होता. म्हणजे ज्यांना आपण पैशाविषयी उदासीन समजतो, ते पुरुष पैशाच्या प्रश्नावर बारकाईने, प्रसंगी कडाक्याने, वाद घालीत होते. त्यांनी पैशाचा मोह टाकला होता, हिशेब टाकला नव्हता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण खुद्द नाशिक जिल्ह्यातील आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकून चित्रपटाचा उद्योग आरंभिला, ‘राजा हरिश्चंद्र’ नंतर 1913 साली तो नाशकात आणला, आणि 1914 साली लंडनमध्ये तिकडेच राहून चित्रपट काढण्याविषयी झालेली विचारणा नाकारून ते मायदेशी परतले. या नकाराचे मोल कोणत्याही वेतनाने करता येणार नाही. पण उत्तरायुष्याची तजवीज मात्र या महापुरुषाला कधी साधली नाही, आणि 1944 साली नाशकातच विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. प्रतिभावंताने ध्येयासाठी सर्वस्व पणाला लावावे, हे त्याला शोभते. तुम्हाआम्हा सामान्य संसारी माणसांना मुलांच्या अभ्यासाला वेळ मिळावा, वडिलांना दवाखान्यात स्वतः नेता यावे आणि रात्रीचे जेवण घरी व्हावे, एवढेच हवे असते. तेवढ्यासाठी सर्वस्व पणाला लावण्याचे कारण नाही. रक्कम, मुदत आणि तजवीज या तीन बाबी कागदावर आल्या म्हणजे पुरे.

रक्कम

प्रथम आपले खरे वेतन किती, ते काढावे. नेमणुकीच्या पत्रावरील वार्षिक आकडा हा खरे वेतन नव्हे. कर व कपाती जाऊन हातात पडणारी रक्कमही नव्हे. हातात पडलेल्या रकमेतून, ती नोकरी त्या गावी करावी लागते म्हणूनच होणारा सर्व खर्च वजा करावा, आणि उरलेल्या रकमेला, जाण्यायेण्यासकट त्या नोकरीने घेतलेल्या एकूण तासांनी भागावे. जे उरते ते खरे.

केवळ रीत समजावी म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. मुंबईत दरमहा 1,10,000 रुपये हाती येतात. त्यातून 38,000 घरभाडे, 6,000 प्रवास आणि 14,000 बाहेरचे जेवण, पाळणाघर वगैरेंसाठी गेले, तर 52,000 उरतात. कचेरीचे साडेनऊ तास आणि प्रवासाचे तीन मिळून दिवसाचे साडेबारा, महिन्याच्या चोवीस दिवसांचे 300 तास. म्हणजे ताशी सुमारे 173 रुपये. नाशकातील जागेचे 72,000 हाती येतात. भाडे 14,000, पेट्रोल 3,000, बाहेरचा खर्च 5,000 वजा जाता 50,000 उरतात. दिवसाचे दहा तास धरून महिन्याचे 240. म्हणजे ताशी सुमारे 208 रुपये. कागदावर 38,000 रुपयांचा तोटा दिसत होता, तो शिल्लकेत 2,000 रुपयांचा ठरला, आणि साठ तास पदरात पडले. आपले आकडे निराळे असतील आणि निष्कर्षही कदाचित निराळा निघेल. विशेषतः मुंबईत ज्याचे वडिलार्जित घर आहे त्याच्या बाबतीत तो बहुधा उलटच निघेल. आणि तसा निघाला तर तोही निमूटपणे मान्य करावा.

खरे वेतन कळल्यानंतर, आपल्या संसाराला पुरेशी रक्कम कोणती, हे ठरवावे. त्यासाठी मागील बारा महिन्यांचे बँकेचे खातेउतारे घेऊन बसावे आणि प्रत्येक खर्च तीन सदरांत टाकावा: ज्यावाचून चालणार नाही तो, ज्याने आनंद झाला तो, आणि जो का केला हे आता आठवतही नाही तो. पुष्कळांच्या बाबतीत तिसरे सदर अपेक्षेपेक्षा मोठे निघते. पहिली दोन सदरे, बचतीचा हप्ता आणि विम्याचे हप्ते यांची बेरीज ही आपली पंचाहत्तर रुपयांची रक्कम होय. नवे वेतन तिच्याहून खाली असेल तर ती जागा कितीही निवांत असली तरी घेऊ नये. कारण दर महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात जी कुरबुर सुरू होते, तिच्यापुढे गोदाकाठची संध्याकाळ फिकी पडते.

मुदत

समाधानाचा निर्णय आजन्म केल्याचा आव आणू नये. त्याला मुदत घालावी. मूल पहिलीत असतानाची गरज आणि ते महाविद्यालयात जातानाची गरज यांत महदंतर असते, आणि महागाई तर कोणासाठी थांबत नाही. महागाईचा दर वार्षिक सहा टक्के धरला तर आजचा खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. हे पडताळून पाहण्यासाठी बहात्तरला त्या दराने भागणे एवढेच गणित पुरते. म्हणून आज पुरेशी असलेली रक्कम आणखी बारा वर्षांनी निम्म्या मोलाची होईल हे धरूनच, नव्या जागेत वेतनवाढीची रीत काय आहे, याची चौकशी करावी.

निर्णयापूर्वीही एक मुदत घालावी. राजीनामा देण्याआधी सहा महिने, सध्याचे मोठे वेतन चालू असतानाच, नव्या वेतनावर संसार करून पाहावा आणि दोहोंतील फरक पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात टाकावा. संसार निभावला तर धीर येतो. न निभावला तर नोकरी शाबूत असते. आणि दोन्ही परिस्थितींत गाठीला रक्कम जमते. इतका निर्धोक प्रयोग आयुष्यात क्वचितच करावयास मिळतो, म्हणून तो टाळू नये. निर्णयानंतर दर वर्षी दिवाळी पाडव्याला, व्यापारी मंडळी वह्यांचे पूजन करतात त्या दिवशी, नोकरदारांनीही आपला वार्षिक ताळेबंद मांडावा आणि पुढील वर्षासाठी तीच व्यवस्था कायम ठेवावी की बदलावी, याचा उभयतांनी विचार करावा.

तजवीज

नोकरी सोडण्याची तारीख भावनेच्या भरात ठरवू नये. ती नियम पाहून ठरवावी. कायम नोकरीत सलग पाच वर्षांची सेवा झाली म्हणजे प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते मिळण्याचा हक्क येतो. चार वर्षे काही महिने झाले असता घाईने राजीनामा देणारा हा हक्क गमावण्याचा धोका पत्करतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावी. पाच वर्षांच्या आत काढली तर ती सामान्यतः करपात्र ठरते, आणि काढलेली रक्कम बहुधा मोटारीत किंवा फर्निचरात जिरते. 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेखाली मासिक निवृत्तिवेतनाला पात्र होण्यास एकंदर दहा वर्षांची सेवा लागते, तेव्हा जुनी सेवा नव्या सेवेत जोडली गेली की नाही, याची खातरजमा करावी.

आरोग्यविम्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. कंपनीने दिलेला विमा नोकरीबरोबर संपतो; स्वतःचा नवा विमा घेतला तर आधीपासून असलेल्या व्याधींसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. ज्यांच्या घरी मधुमेह किंवा रक्तदाब आहे, म्हणजे बहुतेक सर्वांनी, कुटुंबाचा स्वतंत्र विमा राजीनाम्याच्या बराच आधी घेऊन ठेवावा. सहा ते बारा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत निराळी असावी. गृहकर्ज असेल तर त्याचा हप्ता जुन्या वेतनाच्या नव्हे, नव्या वेतनाच्या एक तृतीयांशाहून अधिक होत नाही ना, हे पाहावे. होत असेल तर सहा महिन्यांच्या प्रयोगात जमलेली रक्कम प्रथम मुद्दलात भरावी.

नाशिकविषयी एक सावधगिरीची सूचना याच सदरात येते. हवा उत्तम, पाणी पुरेसे, अंतरे लहान, हे सर्व खरे असले तरी नोकरीचा बाजार येथे मुंबई-पुण्याच्या मानाने लहान आहे. ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबड येथील मोटार व विद्युत उद्योग, मुद्रणालये, शिक्षणसंस्था आणि वाढत चाललेली रुग्णालये, एवढा त्याचा मुख्य विस्तार. मोटारउद्योगात मंदी आली की सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांना तिची झळ लगेच पोहोचते. आणि एक जागा गेल्यास तशीच दुसरी गावातच मिळेल याची हमी मुंबईइतकी नसते. संगणक क्षेत्रातील मंडळींनी म्हणून पूर्णतः स्थानिक नोकरीऐवजी, आठवड्यातून एकदोन दिवसच कचेरीत जावे लागेल अशी मुंबई-पुण्याची नोकरी मिळते का, हेही पाहावे. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तसा प्रवास पूर्वीपेक्षा सुसह्य झाला आहे. रोजच्या प्रवासाने जे शरीर झिजते ते आठवड्यातील दोन दिवसांच्या प्रवासाने झिजत नाही, आणि वेतनातील घटही त्या मानाने थोडी राहते.

संतोष कोणाच्या खर्चाने?

तीनही बाबी कागदावर आल्या तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो हिशेबाचा नसून न्यायाचा आहे. घरातील एकाने समाधान निवडावे आणि त्याची किंमत दुसऱ्याने द्यावी, असे अनेकदा घडते. पतीने कमी वेतनाची निवांत जागा पत्करली आणि पत्नीला त्यामुळे दोन ठिकाणी राबावे लागले. किंवा ‘समतोल’ हवा म्हणून दोघांपैकी एकाने नोकरी सोडावी असे ठरले आणि ते एकजण विचारविनिमय न होताच पत्नी ठरली. या दोन्ही गोष्टींना समतोल म्हणता येणार नाही. स्त्रीने नोकरी सोडली म्हणजे तिचे आजचेच वेतन बुडते असे नाही. तिचा भविष्यनिर्वाह निधी, तिची ज्येष्ठता आणि पुन्हा नोकरीत येण्याची संधी यांवरही पाणी सोडावे लागते. तेव्हा उभयतांनी, आणि आईवडील सोबत राहणार असतील तर त्यांनीही, एकत्र बसून, कोणाचे किती जाणार व कोणाला किती मिळणार, हे मोकळेपणाने बोलावे; आणि ज्याचे अधिक जाणार त्याच्या नावावर नियमित बचत ठेवण्याची व्यवस्था करावी.

हेही स्पष्ट केले पाहिजे, की संतोषाचा हा उपदेश सर्वांसाठी नाही. सातपूर-अंबडच्या वसाहतींत कंत्राटदारामार्फत राबणाऱ्या, जादा कामाच्या तासांवर ज्याची चूल पेटते अशा कामगाराला, थोडक्यात गोडी मानावी असे सांगणे हा क्रूर विनोद होईल. त्याच्या बाबतीत समतोलाचा मार्ग वाढीव वेतनातून, हक्काच्या सुट्टीतून आणि किमान वेतनाच्या अंमलबजावणीतूनच जातो. ज्याच्याजवळ पुरेसे आहे त्यानेच कमी घेण्याचा विचार करावा. ज्याच्याजवळ पुरेसे नाही त्याने अधिकच मागावे, आणि ज्याला पुरेसे मिळते त्याने त्याच्या मागणीस पाठिंबा द्यावा.

शेवटी, मिळालेल्या वेळेची व्यवस्था. वेळ मोकळा ठेवला तर तो आपोआप सत्कारणी लागतो, ही समजूत चुकीची आहे. हातातील मोबाईल साठ तास गिळून ढेकरही देत नाही. म्हणून नोकरी बदलण्यापूर्वीच, वाचलेल्या तासांचे मालक कोण, हे नेमून द्यावे: आठवड्यातील इतक्या संध्याकाळी मुलांच्या, इतक्या सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्यांच्या, इतका वेळ वडिलांबरोबर. 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय या गावात आहे, गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. गाव आपल्याला काही देऊ करते आहे, तर ते घेण्याची, आणि जमल्यास अशा एखाद्या संस्थेचे थोडे काम अंगावर घेण्याची सवय लावावी. समान विचारांच्या सोबतीवाचून अल्प वेतनात प्रसन्न राहणे कठीण असते. आपल्याहून दुप्पट मिळविणाऱ्या वर्गमित्राची नवी मोटार पाहून ज्या दिवशी मन डळमळते, त्या दिवशी ही सोबत उपयोगी पडते.

तेव्हा ज्या वाचकांपुढे आज असा प्रश्न उभा असेल त्यांना विनंती आहे, की येत्या रविवारी अर्धा दिवस काढून पतिपत्नींनी खातेउतारे पुढे घेऊन बसावे, आणि पुरेशी रक्कम, तिची मुदत व पुढील तजवीज हे तीन आकडे एका कागदावर लिहून त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात. ते आकडे जुळत असतील तर कमी वेतनाची जागा निःशंक मनाने स्वीकारावी आणि नंतर कोणी कीव केली तर तिकडे लक्ष देऊ नये. जुळत नसतील तर मोठ्या वेतनाच्या जागी आणखी काही काळ राहण्यात कमीपणा मानू नये. तेवढ्या अवधीत कर्ज फेडावे, विमा घ्यावा, रक्कम जमवावी, आणि पुढील पाडव्याला तोच कागद पुन्हा काढावा.